यादीतली ओळ आणि खात्यामागचा विद्यार्थी : एका प्रॉक्समॉक्स सर्व्हरवरचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक विभागाचे तीन सर्व्हर आहेत आणि त्या तिघांचा मिळून एक प्रॉक्समॉक्स क्लस्टर. प्रॉक्समॉक्स म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली, आणि क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेले सर्व्हर. एसई, टीई, बीई अशा दुसऱ्या, तिसऱ्या आणि शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यावर असा एक आभासी संगणक, व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सगळे म्हणतात ते व्हीएम, दिलं जातं. डेटाबेसची प्रॅक्टिकल्स, लिनक्सच्या असाइनमेंट, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, सगळं त्यावरच. खाती चारशेच्या आसपास. दरवर्षी प्रवेश झाले की ती नव्या यादीप्रमाणे जुळवून घ्यायची. हे काम करणाऱ्या स्क्रिप्टने एका जुलैत, लॉगमध्ये एकही एरर न दाखवता, विभागातली जवळपास सगळी व्हीएम भलत्याच विद्यार्थ्यांच्या हाती दिली. ते कसं झालं हे शोधायला आणि नंतर साधन नव्याने बांधायला मदत म्हणून मला बोलावलं होतं. महाविद्यालयाचं नाव देत नाही. तसं काही विशेष हलगर्जी ठिकाणही नाही ते; अशीच स्क्रिप्ट मी आणखी जागी पाहिली आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. त्या विभागात पूर्वी प्रॉक्समॉक्सचंच काम करणारं, व्हीएमवेअर कंपनीचं फुकट मिळणारं ईएसएक्सआय चालायचं. त्या फुकट आवृत्तीत बाहेरून प्रोग्रॅमने फक्त वाचता यायचं, बदल करता यायचे नाहीत, त्यामुळे खाती हातानेच उघडायची. सोय म्हणून विभागाने वर्गाला एक असं सामाईक खातं ठेवलं होतं आणि पासवर्ड फळ्यावर लिहिलेला असायचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली, फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकट ईएसएक्सआय बंद झालं. ते एप्रिल २०२५ मध्ये परत आलं खरं, पण तोवर कितीतरी छोट्या संस्थांनी बिऱ्हाड हलवलं होतं. या विभागाने प्रॉक्समॉक्स घेतलं. व्हिएन्नातल्या कंपनीचं, २००८ पासूनचं, डेबियनवर उभं असलेलं, आणि सदस्यत्वाचे पैसे भरले नाहीत तरी कुठलीही सोय अडवून न ठेवणारं. आता प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र खातं देणं शक्य झालं, आणि स्वतंत्र खाती आली म्हणून ती दरवर्षी बदलायचं साधनही लागलं.

ते साधन म्हणजे प्रयोगशाळा सहाय्यक आणि बीईचे दोन विद्यार्थी यांनी मिळून लिहिलेली एक बॅश स्क्रिप्ट. ऑफिसमधून आलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी) ओळ-ओळ वाचायची. ओळीतल्या वर्ग, तुकडी आणि रोल नंबरवरून लॉगिनचं नाव तयार करायचं : एसई-ए-१७, टीई-बी-४२ असं. त्या नावाचं खातं नसेल तर तयार करायचं आणि एका व्हीएमची परवानगी द्यायची. खातं असेल तर त्यावरचं पूर्ण नाव आणि ईमेल नवीन लिहायचं, पासवर्ड जन्मतारखेवर आणून ठेवायचा. (जन्मतारीख पासवर्ड म्हणून देण्याची आपल्याकडची सवय काही केल्या जात नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात तेव्हा अर्धा पासवर्ड जाहीरच होत असतो.) पहिल्या वर्षी ही स्क्रिप्ट चोख चालली, कारण सगळीच खाती नवी होती. दुसऱ्या वर्षी तिच्यातला 'खातं असेल तर' हा भाग प्रथमच वापरात आला.

आता दुसऱ्या वर्षाच्या जुलैत काय झालं ते पाहा. गेल्या वर्षीचा एसई-ए-१७ यंदा टीईला गेला. यंदाच्या एसईच्या यादीत १७ नंबरला नवीन मुलगी आली. स्क्रिप्टने पाहिलं, एसई-ए-१७ नावाचं खातं आहे. तिने त्यावर नवीन मुलीचं नाव घातलं, ईमेल घातला, पासवर्ड बदलला. परवानग्यांना हात लावायचं कारण नव्हतं, त्या आधीच होत्या. म्हणजे खातं नवीन मुलीचं आणि व्हीएम जुन्या मुलाचं. तो जुना मुलगा आता टीईच्या खात्यात आला, आणि त्या खात्याकडे त्याच्या वरच्या वर्षाच्या कुणाचं तरी व्हीएम. बीईला आलेल्यांना पास होऊन गेलेल्यांची मिळाली. सगळा विभाग एक वर्ष पुढे सरकला, व्हीएम मात्र जागच्या जागी राहिली. सातबाऱ्यावर कुणी फक्त नाव खोडून नवं लिहावं, आणि जमीन कुणाची हे कुणी विचारूच नये, तसा प्रकार.

लक्षात यायला महिना गेला. बीईच्या मुलांना आयते पूर्ण झालेले प्रोजेक्ट सापडले होते. ते कशाला बोलतील? एसईची प्रॅक्टिकल्स अजून सुरू व्हायची होती. बोंब मारली ती टीईच्या एका विद्यार्थिनीने. "दादा, माझं व्हीएम गेलं," म्हणाली, "आणि जे दिसतंय त्यात कुणाच्या तरी हॉस्पिटल मॅनेजमेंटचा डेटाबेस आहे." प्रयोगशाळा सहाय्यकाने रूटने, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्याने, आत जाऊन पाहिलं तर तिचं व्हीएम जागेवर, चालू, आतली फाइलही शाबूत. फक्त तिला ते दिसत नव्हतं. त्यांना पहिल्यांदा वाटलं ब्राउझरची काहीतरी गडबड असेल.

प्रॉक्समॉक्समध्ये खात्यांची सगळी माहिती एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते. ईटीसी फोल्डरमधल्या पीव्हीई फोल्डरात युजर डॉट सीएफजी नावाची फाइल. ती उघडली की गोष्ट स्वच्छ दिसते. खात्याची ओळ 'युजर' या शब्दाने सुरू होते, मग कोलन, मग लॉगिनचं नाव आणि ॲटच्या खुणेनंतर रेल्म (लॉगिन कुठल्या व्यवस्थेकडून तपासायचं ते), कोलन, खातं चालू असेल तर १, कोलन, मुदत, मग नाव, आडनाव, ईमेल, शेरा. त्याच फाइलीत खाली 'एसीएल'ने सुरू होणाऱ्या परवानग्यांच्या ओळी : कुठल्या मार्गावर, कुणाला, कुठली भूमिका. आमच्या विद्यार्थिनीच्या व्हीएमची ओळ सांगत होती की व्हीएम ११७ वर पीव्हीईव्हीएमयुजर ही भूमिका तिच्या गेल्या वर्षीच्या एसईच्या लॉगिनला आहे. एवढंच. व्हीएमला प्रॉक्समॉक्समध्ये 'मालक' असा वेगळा रकाना नाही. कुणाच्या नावाची एसीएल ओळ त्यावर आहे, त्यावरून ते कुणाचं हे ठरतं. आणि ती ओळ माणसाला नाही, लॉगिनच्या अक्षरांना बांधलेली असते. त्या अक्षरांमागचा माणूस बदलला हे कळायला सर्व्हरला काहीच मार्ग नाही.

नावाला बांधलेल्या हक्कांचं हे दुखणं फक्त कॉलेजच्या लॅबपुरतं नाही. जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ईएसएक्सआयमधली एक त्रुटी जाहीर केली. ॲक्टिव्ह डिरेक्टरीला (संस्थेतली खाती आणि गट एका जागी ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेला) जोडलेला ईएसएक्सआय सर्व्हर 'ईएसएक्स ॲडमिन्स' या नावाच्या गटातल्या सगळ्यांना आपोआप पूर्ण ॲडमिनचे हक्क द्यायचा. हा गट डिरेक्टरीत मुळात असायचाच असं नाही, आणि तपासणी गटाच्या कायमच्या ओळख-क्रमांकावरून न होता फक्त नावावरून व्हायची. म्हणजे डिरेक्टरीत नवे गट तयार करता येतील एवढा अधिकार ज्याच्या हाती आला, त्याने त्या नावाचा गट करायचा, स्वतःला त्यात टाकायचं, की सगळे व्हर्च्युअल सर्व्हर त्याचे. खंडणीखोर टोळ्यांनी याचा प्रत्यक्ष वापर केला. तिथे हल्लेखोर होते. इथे फक्त नवीन शैक्षणिक वर्ष सुरू झालं होतं. चूक मात्र एकाच जातीची.

आधी निस्तरायचं काय ते निस्तरलं. सगळी विद्यार्थी खाती तात्पुरती बंद केली. बंद, काढून टाकली नाहीत. प्रॉक्समॉक्समध्ये खातं काढून टाकलं की त्याच्या एसीएल ओळीही जातात, आणि मग कुठलं व्हीएम कधी कुणाचं होतं याचा तेवढाही धागा उरत नाही. एसईच्या नवीन मुलांना धीर धरायला सांगितलं. युजर डॉट सीएफजीची एक प्रत बाजूला ठेवली; त्या फोल्डरात जुन्या आवृत्त्या आपोआप राहत नाहीत. मग गेल्या वर्षीची सीएसव्ही आणि यंदाची सीएसव्ही समोरासमोर ठेवल्या. दोन्ही फाइलींच्या शेवटच्या रकान्यात पीआरएन होता, विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक. स्क्रिप्टने तो रकाना वाचलाच नव्हता. एक्सेलचं व्हीलूकअप (दोन याद्या जुळवणारं सूत्र) लावून जुना रोल नंबर, पीआरएन, नवीन रोल नंबर अशी साखळी जुळवली आणि परवानग्या पुन्हा ज्याच्या त्याला दिल्या. मधल्या महिन्यात कुणी कुणाच्या व्हीएममध्ये काय केलं, हे काही पूर्ण उलगडलं नाही. बीईच्या दोन प्रोजेक्टांचा कोड संशयास्पदरीत्या लवकर तयार झाला, त्याचा निकाल गाइड मंडळींनी लावला.

नवीन साधन बांधायला घेतलं तेव्हा विभागाचा पहिला विचार सरळ होता : लॉगिनचं नाव पीआरएन ठेवू, झालं. तिथेच पहिली अडचण. थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाची मुलं येतात, त्यांचा पीआरएन विद्यापीठाकडून यायला महिने लागतात. पात्रता तपासणी आटोपल्याशिवाय तो मिळत नाही. तोवर त्यांनी प्रॅक्टिकल कशावर करायचं? तात्पुरत्या नावाने खातं उघडावं तर प्रॉक्समॉक्समध्ये लॉगिनचं नाव नंतर बदलता येत नाही, नवीन खातं उघडून परवानग्या हलवाव्या लागतात. म्हणजे पुन्हा तोच खेळ, फक्त छोट्या प्रमाणात.

दुसरी अडचण एक्सेलने दाखवली. पीआरएन हा लांबलचक आकडा. एक्सेल बारा-तेरा अंकी आकडा ई-प्लस अशा रूपात दाखवतं आणि सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की दिसतं तेच रूप फाइलीत उतरतं. शिवाय पंधरा अंकांपुढचं एक्सेलला नीट धरताच येत नाही, पुढचे अंक शून्य होतात. चाचणीला आलेल्या फाइलीत एका तुकडीतल्या बऱ्याच मुलांचा पीआरएन एकच झाला होता. जुन्या स्क्रिप्टमध्ये एक खातं दोन माणसांना मिळालं होतं. इथे अख्खी तुकडी एका खात्यात गेली असती.

उत्तर ऑफिसच्या जाड रजिस्टरमध्ये होतं. प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला महाविद्यालय स्वतःचा एक प्रवेश क्रमांक देतं. छोटा आकडा, पहिल्या दिवसापासून असतो, शाखा बदलली तरी तोच राहतो, वर्ष राहिलं तरी तोच, आणि दाखला दिल्यावर तो दुसऱ्या कुणाला देत नाहीत. ऑफिस अधीक्षकांना हे सांगितलं तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं की यावर चर्चा कसली करायची. "आमच्याकडे पंचवीस वर्षांपूर्वीचा मुलगा मार्कशीटची दुसरी प्रत मागायला आला तरी याच नंबरवर सापडतो." लॉगिनचं नाव तेच ठरलं. रोल नंबर आणि तुकडी खात्याच्या शेऱ्यात गेली, पीआरएन आला की तोही तिथेच. एसई, टीई, बीई हे गट झाले आणि वर्ग बदलला म्हणजे फक्त गट बदलला. विभागाचे टेम्पलेट आणि आयएसओ फाइली पाहण्याची परवानगी गटाला, स्वतःचं व्हीएम मात्र माणसाला.

एक जादा कुलूपही घातलं. प्रत्येक व्हीएमवर प्रवेश क्रमांकाचा टॅग लावला. साधन चालतं तेव्हा एसीएलच्या ओळीतलं नाव आणि त्या व्हीएमचा टॅग जुळतो का हे दर वेळी पाहतं. जुळला नाही तर दुरुस्ती करत नाही, थांबतं आणि ओळ दाखवतं. त्या जुलैत एवढी एक तपासणी असती तर प्रकरण पहिल्याच मिनिटाला उघडं पडलं असतं.

नावं वाढवणं सोपं असतं. जे यादीत दिसत नाहीत त्यांचं काय, यावर मात्र बैठकीत बराच वेळ गेला. प्रॉक्समॉक्समध्ये एलडॅप किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरी अशा खात्यांच्या मध्यवर्ती डिरेक्टरीवरून खाती आणायची सोय आहे. २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून ती ठरावीक वेळेला आपोआपही चालवता येते. तिच्यात एक पर्याय असा की डिरेक्टरीतून गायब झालेल्यांची खाती, गुणधर्म आणि परवानग्या इथूनही काढून टाकायच्या. विभागातल्या एका प्राध्यापकांचा आग्रह होता की हेच वापरू, स्वतःचं काही लिहायचं कशाला. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं चूक नव्हतं. पण या महाविद्यालयात डिरेक्टरी सर्व्हर नाही. तो उभा करायचा म्हणजे ऑफिसच्या रजिस्टरशिवाय आणखी एक रजिस्टर, आणि ते कोण सांभाळणार याचं उत्तर कुणापाशी नव्हतं. शिवाय गायब झालेल्यांना आपोआप काढायचा पर्याय चालू असताना डिरेक्टरीतला शोधाचा पत्ता जरी एका अक्षराने चुकला, तरी सर्व्हरला 'कुणीच नाही' असं उत्तर मिळू शकतं, आणि मग तो मुकाट्याने सगळ्यांना काढायला घेईल. तिथे आधी नुसतं करून बघण्याची, काही न बदलता काय बदललं असतं ते दाखवण्याची सोय आहे. ती न वापरता कुणी हे चालवू नये असं मला वाटतं.

आपलं साधन लिहिताना तीच सोय पहिल्यांदा लिहिली. साधन आधी फक्त तीन याद्या छापतं : नवीन, बदललेले, आणि न सापडलेले. पहिल्या कोरड्या चाचणीत तिसरी यादी पाहून सगळे गप्प झाले. तिच्यात टीईची अख्खी बी तुकडी होती. कारण क्षुल्लक. लिपिकाने ए तुकडीला फिल्टर लावून शीट तपासली होती आणि मग तीच समोर दिसणारी नावं नवीन शीटवर उतरवून पाठवली होती. ही फाइल आपोआप काढून टाकणाऱ्या साधनाच्या हाती पडली असती तर साठ-सत्तर मुलांची खाती परवानग्यांसकट गेली असती, आणि लॉगमध्ये पुन्हा सगळं यशस्वीच दिसलं असतं.

बी तुकडी बाजूला काढल्यावर जी नावं उरली ती जास्त बोलकी होती. वायडी झालेली मुलं. त्यांचं वर्ष राहिलेलं, त्यामुळे कुठल्याच वर्गाच्या यादीत नाव नाही, पण प्रवेश चालू. राहिलेल्या विषयाच्या प्रॅक्टिकल परीक्षेला ती येतात आणि त्यांना तेच व्हीएम लागतं. आणखी दोघं शाखा बदलून माहिती तंत्रज्ञानाला गेलेले, पण इकडच्या एका विषयाची टर्म बाकी असलेले. एक मुलगा खरोखर दाखला घेऊन गेलेला. यादीत नसणं हे सगळ्यांचं सारखं होतं, कारणं वेगवेगळी होती, आणि त्यातलं एकच कारण खातं बंद करायला पुरेसं होतं.

म्हणून नियम असा ठरला की यादीत नाव नसल्यामुळे साधन स्वतःहून काहीच करणार नाही. बंद करायचं खातं वेगळ्या फाइलीत, ऑफिसच्या 'दाखला दिला' या नोंदीवरूनच येईल. तेव्हाही खातं फक्त बंद होईल. काढून टाकणं वर्षातून एकदा, व्हीएमचा बॅकअप घेतल्यावर, माणसाने. आणि एका फेरीत एकूण खात्यांच्या दहाव्या हिश्शाहून जास्त बदल निघाले तर साधन थांबेल. जुलैत हा अडथळा दरवर्षी लागणारच, कारण तेव्हा सगळ्यांचेच वर्ग बदलतात; त्या वेळी विभागप्रमुखांनी यादी वाचून परवानगी द्यायची. प्रयोगशाळा सहाय्यकांना हा ताप वाटतो. असू दे.

बीईच्या खात्यांना मुदत घातली. इथे एक छोटी गंमत झाली. प्रॉक्समॉक्स मुदतीची तारीख १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत ठेवतं. १ जुलै २०२६ ची मध्यरात्र म्हणून साधनाने १७८२८६४००० हा आकडा लिहिला, पण ती ग्रीनिचची मध्यरात्र. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. आपली मध्यरात्र १७८२८४४२०० वर येते. साडेपाच तासांनी कुणाचं काही बिघडत नाही, पण दोन दिवसांनी कुणीतरी 'खातं बारा वाजता बंद व्हायला हवं होतं' म्हणून तक्रार केली असती आणि शोधण्यात सकाळ गेली असती. मुदत संपल्यावर फक्त लॉगिन बंद होतं हेही लक्षात ठेवावं लागतं. व्हीएम चालूच राहतं आणि मेमरी खातच राहतं.

जुन्या स्क्रिप्टची आणखी एक गोष्ट मला रोल नंबरांइतकीच खटकली होती. काही खाती तिने पॅम रेल्ममध्ये उघडली होती, म्हणजे सर्व्हरवर खरीखुरी लिनक्सची खाती. अशी खाती ज्या नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या ज्या सर्व्हरवर, उघडली त्याच नोडवर असतात. म्हणून पहिल्या नोडच्या पत्त्यावरून लॉगिन व्हायचं आणि दुसऱ्याच्या पत्त्यावरून नाही, आणि मुलं म्हणायची सर्व्हर मूडी आहे. त्याहून वाईट म्हणजे शेल (कमांड टाइप करायची सोय) चालू असलेलं लिनक्स खातं असेल तर विद्यार्थी एसएसएचने थेट त्या यंत्रात शिरू शकतो, ज्यावर सगळ्यांची व्हीएम चालतात. ती सगळी खाती प्रॉक्समॉक्सच्या स्वतःच्या पीव्हीई रेल्ममध्ये आणली. या रेल्मची माहिती तिन्ही नोडवर आपोआप पोचते.

साधन चालतं ते रूटने नाही. त्याच्यासाठी वेगळं खातं आणि एपीआय टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी प्रोग्रॅमने वापरायची किल्ली, आहे, आणि त्या टोकनला फक्त तीन विद्यार्थी-गटांमधली खाती बदलण्याचा, त्या रेल्ममध्ये खातं उघडण्याचा, आणि विद्यार्थ्यांची व्हीएम असलेल्या पूलवर (व्हीएमच्या गटावर) परवानगी देण्याचा हक्क आहे. प्राध्यापकांच्या खात्यांना ते हात लावूच शकत नाही; फाइलीत चुकून एखाद्या सरांचं नाव आलं तरी सर्व्हर नकार देतो. पासवर्ड बदलणंही टोकनने होत नाही, ते प्रॉक्समॉक्सनेच अडवलेलं आहे. सुरुवातीला ही अडचण वाटली. मग उमगलं की दरवर्षी सगळ्यांचे पासवर्ड जन्मतारखेवर आणून ठेवण्याची गरजच नव्हती. खातं उघडताना एकदा यादृच्छिक पासवर्ड द्यायचा, बंद पाकिटात. विसरला तर विद्यार्थ्याने ओळखपत्र घेऊन लॅबमध्ये यायचं.

एकदा मे महिन्याच्या सुट्टीत साधन अर्ध्यावर अडकलं. वीजबिल आणि एसी वाचवायला दोन नोड बंद करून ठेवले होते. तीनपैकी एकच नोड चालू असेल तर क्लस्टरचं बहुमत राहत नाही, आणि बहुमत नसताना ईटीसी-पीव्हीई फोल्डर फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. व्हीएम चालू, वेबपान उघडतं, लॉगिनही होतं, पण एकही खातं बदलत नाही. एकट्या नोडलाच बहुमत मानायला लावण्याची कमांड इंटरनेटवर सगळीकडे सापडते आणि प्रयोगशाळा सहाय्यक ती टाइप करायच्या बेतात होते. दोन नोड सुरू केले, काम झालं. आता साधन सुरुवातीलाच बहुमत तपासतं.

ठरावीक वेळेला आपोआप चालवण्याचा मोह विभागाने टाळला आहे. प्रवेशाची फेरी संपली, शाखाबदल झाले, दाखले दिले, की ऑफिसचा फोन येतो आणि मग कुणीतरी ते चालवतं. वर्षातून मोजक्या वेळा लागणारं काम आहे, रात्री दोनला करायची घाई कुणालाच नाही.

विद्यार्थ्यांचा प्रश्न असा बऱ्यापैकी मार्गी लागला. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचा लागलेला नाही. ते सेवापुस्तकात नाहीत, विद्यार्थ्यांच्या रजिस्टरमध्ये नाहीत, नेमणुकीची ऑर्डर सत्र सुरू झाल्यावर येते आणि सत्र संपताच ती संपते. पुढच्या सत्रात तेच मॅडम परत येतील का हे त्यांनाही माहीत नसतं. त्यांना पीआरएन नाही, प्रवेश क्रमांक नाही, कायमचा असा कुठलाच क्रमांक नाही. प्राध्यापकांसाठी वेगळं सामाईक खातं करू, अशी सूचना आली आणि फळ्यावरच्या पासवर्डची आठवण असलेल्यांनी ती हाणून पाडली. सध्या विभागप्रमुखांच्या सहीच्या पत्रावर खातं उघडतात, ऑर्डरवरची शेवटची तारीख मुदत म्हणून घालतात, आणि व्यक्ती परत आली तर नवीन खातं न करता तेच खातं, तीच व्यक्ती असल्याची खात्री करून, मुदत वाढवून चालू करतात. ही फाइल मात्र साधनाला देत नाहीत. ती यादी अजून वहीत आहे.